जोडीपुरतं जोडीनं

घरत मॅडमचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये प्लायवुडची एक भिंत होती आणि मॅडमच्या आवाजापुढे त्या भिंतीचं कधीच काही चाललं नाही. जुन्या पनवेलात, एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, भांड्यांच्या एका दुकानाच्या वर आमची कॉम्प्युटरची संस्था होती. मी टायपिंग शिकवायचे, त्या हार्डवेअर. एकदा मी मुलींना सरावासाठी सरकारी थाटाचं एक पत्र सांगत होते, ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’ वगैरे. तपासायला कागद घेतले तर एका मुलीने ‘उपरोक्त विषयास अनुसरून’च्या पुढे टाइप केलं होतं, ‘रॅमला हात लावायच्या आधी बॅटरी काढा, नाहीतर आईबापांचे पैसे पाण्यात.’ शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. मी तो कागद मॅडमना नेऊन दाखवला. वाटलं होतं, ओशाळतील. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, “बघ टायपिंग, तुझ्या पोरी पण हार्डवेअर शिकायला लागल्या. अर्धी फी इकडे पाठव.”

‘टायपिंग’ म्हणजे मी. त्या प्रत्येकाला त्याच्या विषयाच्या नावाने हाक मारायच्या. संस्थेच्या मालकांना तेवढं ‘सर’ म्हणायच्या, पण तेही अशा सुरात की सरच जरा सावरून बसायचे.

त्यांचं नाव कुंदा घरत. गाव उरणच्या रस्त्यावर, खाडीच्या काठी. घरची पूर्वीची मिठागरं, आगरी कुटुंब. त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला तेव्हा गावात कोणी मुलगी त्या वाटेला गेली नव्हती आणि हे त्या कुणालाही, कुठल्याही निमित्ताने सांगायच्या. नम्रपणा त्यांच्या स्वभावात नव्हता. केसात अबोलीचा वळेसर, हातात हिरव्या बांगड्या, पायात स्पोर्ट्‌स शूज. लॅपटॉप उघडायच्या आधी बांगड्या काढून सीडीच्या एका जुन्या डबीत ठेवायच्या आणि खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायच्या. अंगात साठलेली वीज गजातून निघून जावी, रॅमच्या नाजूक पट्टीला बसू नये, म्हणून. विद्यार्थ्यांनाही ती सक्ती होती. “खिडकीला हात लाव!” असं दिवसभर भिंतीपलीकडून ऐकू यायचं. पुढेपुढे माझ्या मुलीसुद्धा परीक्षेला बसण्याआधी खिडकीच्या गजाला हात लावू लागल्या. त्याचा टायपिंगशी काय संबंध, हे विचारण्याचं धाडस मी केलं नाही.

मॅडमचा एक नियम मात्र फार कडक होता. रॅम बसवायची तर जोडीने, आणि जोडी सारखी. त्यांनी मलाही ते समजावलं होतं. म्हणजे मी विचारलं नव्हतं, पण समजावलं होतं. “हे बघ टायपिंग, लॅपटॉपमध्ये रॅमच्या पट्ट्यांना दोन जागा असतात आणि प्रोसेसरकडे जायला दोन रस्ते. दोन्ही जागी सारखी रॅम असली तर प्रोसेसर दोन्ही रस्त्यांनी एकदम माल उचलतो. एक हिच्याकडून, एक तिच्याकडून. याला म्हणायचं ड्युअल चॅनल. आता एक मोठी बसवली आणि एक लहान, की जोडी लंगडी. मग सगळंच एका रस्त्यानं. काय उपयोग?” त्यांच्या टेबलाच्या खणात जुन्या रॅम असायच्या, त्यासुद्धा रबर लावून जोडीजोडीने. एखादं गिऱ्हाईक दोन जीबीच्या शेजारी चार जीबी लावा म्हणून आलं, तर त्याला तसंच परत पाठवायच्या. “जोडी तर जोडी, नाहीतर नको,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हे वाक्य त्या घरीही वापरत होत्या, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मॅडमच्या आई चांगुणाबाई. त्या धवलारीण होत्या. आगरी लग्नात मांडव पडल्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं. ती गाणी गाणारी आणि गाता गाता विधी पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. तिने गायल्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही. चांगुणाबाईंना ही सगळी गाणी तोंडपाठ होती. त्यातलं सगळ्यांत लांब गाणं देवांच्या आवतणाचं. त्यात गावचे, वेशीचे, डोंगरावरचे, खाडीतले सगळे देव लग्नाला बोलवायचे आणि प्रत्येक मिठागराच्या बांधावरच्या देवाला त्या मिठागराचं नाव घेऊन बोलवायचं. मिठागरांवर भराव पडून इमारती आल्या होत्या. नावं फक्त त्या गाण्यात राहिली होती आणि ते गाणं फक्त चांगुणाबाईंना येत होतं.

ही गाणी, म्हणजे धवला, जोडीने गातात. एकीचा श्वास संपतो तेव्हा दुसरीचा चालू असतो, म्हणून गाणं तुटत नाही. चांगुणाबाईंच्या जोडीला हिराबाई नावाच्या होत्या, त्या वारल्या. तेव्हापासून चांगुणाबाई एकट्याच गात होत्या. आवतणाच्या गाण्यात मध्येच दम लागायचा, खोकला यायचा, गाणं तुटायचं. तेवढ्यात मांडवातली माणसं बोलायला लागायची आणि डीजेवाला संधी साधून बटण दाबायचा. एकदा दाबलेलं बटण परत कोण बंद करणार? तीन-चार लग्नांत आवतण अर्ध्यावरच राहिलं होतं. म्हातारीला ते फार लागलं होतं. देवांना अर्धं बोलावून परत पाठवलं, असं ती म्हणायची.

“मग तुम्हीच का नाही बसत शेजारी?” मी मॅडमना विचारलं. आम्ही जेवायला बसलो होतो. त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट, माझ्या डब्यात नेहमीची पोळी.

“मला हळदीपर्यंतच येतं गो. आवतण नाही येत. अर्धवट माणसानं जोडीला बसू नये. आय पण तेच म्हणते, हिराबाईसारखी पुरी मिळाली तर बसवीन.”

“मग रेकॉर्ड करून ठेवा ना.”

“केलंय की. मोबाइलमध्ये हाय, घरच्या कॉम्प्युटरमध्ये हाय. पण ते हार्डडिस्कमधलं झालं. नवऱ्याचं नाव बदलतं, घर बदलतं, मांडवात त्या क्षणाला जोडून गावं लागतं. कामाच्या वेळेला रॅममध्ये पाहिजे.” त्यांनी आपल्या कपाळावर बोट टेकवलं. “आयच्या रॅममध्ये सगळं हाय. माझ्यात अर्धं. जोडी जमत नाय.”

एवढं मोठ्याने बोलणारी बाई हे मात्र हळू बोलली. मग भाकरीचे तुकडे करत बसली.

आता इक्बालभाईंची गोष्ट. इक्बालभाईंचं कळंबोलीला लोखंड बाजारात ट्रान्सपोर्टचं ऑफिस. ट्रकच्या फेऱ्यांचे भलेमोठे तक्ते त्यांच्या लॅपटॉपवर चालायचे, म्हणजे बहुतेक वेळ अडकून पडायचे. लॅपटॉप नव्या धर्तीचा, पातळ. त्यात दोन जीबी रॅम बोर्डावरच कायमची जोडलेली होती, काढता न येणारी. वर बसवायला फक्त एक जागा. त्या जागेसाठी इक्बालभाई चार जीबीची पट्टी घेऊन आले. मॅडम त्या वेळी वर्गात होत्या. त्यांनी पट्टी हातात घेतली आणि लगेच परत केली.

“दोनची आणा. दोनला दोन. ही बसवली तर जोडी लंगडी होईल.”

“मॅडम, आता तर घेऊन टाकली ना,” इक्बालभाई अजिजीने म्हणाले. “भतीजाची दुकान आहे, परत कसं देऊ? एक बार लावून तर बघा. लंगडी तर लंगडी, चालली तर सही.”

मॅडमना विद्यार्थ्यांसमोर धडा द्यायची ही आयती संधी मिळाली. बांगड्या डबीत गेल्या. खिडकीच्या गजाला हात लागला. लंगडी जोडी कशी चालते ते दाखवते, यायचं तर या, असं भिंतीपलीकडून मलाही ओरडून सांगितलं. मी माझ्या मुलींना घेऊन दारात उभी राहिले. मॅडमनी आधी खणातली दोनची पट्टी घेऊन दोनला दोन अशी सारखी जोडी लावून मेमरीचा वेग मोजणारा प्रोग्राम चालवला आणि आकडा फळ्यावर लिहिला. मग इक्बालभाईंची चारची पट्टी बसवली. “आता बघा, आकडा कसा खाली बसतो.”

आकडा बसला नाही. जोडीचा जो आकडा होता, जवळपास तोच आला.

मॅडमनी लॅपटॉप बंद केला, पट्टी काढली, पुन्हा खिडकीला हात लावला, पट्टी पुन्हा बसवली. पुन्हा तोच आकडा. मग त्यांनी इक्बालभाईंचे तक्ते एकामागून एक उघडत मेमरी भरत नेली. बरीच भरल्यावर वेग उतरला. पार नाही, पण उतरला. मॅडम नेटवर त्या बोर्डाची माहिती शोधून वाचायला लागल्या. वाचताना ओठ हलत होते. मग उठून त्यांनी फळ्यावर दोन चौकोन काढले, एक मोठा, एक लहान. लहान चौकोनाच्या उंचीवर मोठ्या चौकोनातून एक आडवी रेघ मारली.

“इथपर्यंत दोघींची जोडी लागते,” त्या रेघेखाली बोट फिरवत म्हणाल्या. “दोनला दोन. इथपर्यंत दोन्ही रस्ते चालू. रेघेच्या वरचं, मोठीकडे जे जास्तीचं उरलं, तेवढंच एका रस्त्यानं. वाया काही जात नाही. फ्लेक्स मोड म्हणतात याला.” मग खडू खाली ठेवला. “मी तुम्हाला आतापर्यंत चुकीचं शिकवलं. मी शिकले त्या वेळच्या बोर्डांना ते खरं होतं. बोर्ड बदलले, मी नाही बदलले. लिहून घ्या.”

इक्बालभाई बिचारे अवघडून गेले. “अरे मॅडम, त्यात काय एवढं,” म्हणत होते. पण मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. ज्या ज्या जुन्या विद्यार्थ्याचा नंबर होता त्याला त्यांनी फोन लावला. “मी घरत मॅडम. रॅमच्या जोडीचं मी सांगितलेलं चुकीचं होतं, आता नीट ऐक.” हे भिंतीपलीकडून माझ्या मुलींनी इतक्या वेळा ऐकलं की त्यांनाही फ्लेक्स मोड पाठ झाला. सर काळजीत पडले. “मॅडम, असं फोन करून सांगायची काय गरज? संस्थेचं नाव आहे काहीतरी.” मॅडम म्हणाल्या, “सर, त्या पोरांची आता दुकानं हायत. माझ्यामुळं त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकं परत पाठवायची का?” सर केबिनमध्ये निघून गेले. त्या दिवशी मला त्या बाईचा जो अभिमान वाटला तो मी घरी जाऊन सगळ्यांना ऐकवला.

जेवताना मात्र मॅडम डबा उघडून तशाच बसल्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, “टायपिंग, मी आयला पण चुकीचंच सांगत आले गो.”

घरी काय झालं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. म्हातारी आधी ऐकेना. पुऱ्या जोडीशिवाय धवला नाय, लोकं हसतील. मॅडमनी ओट्यावर मिठाची मोठी पाटी आणि लहान पाटी शेजारी शेजारी मांडून दाखवली. कितपत समजलं कोण जाणे. पण मुलगी शेजारी बसायला तयार झाली हे बघून म्हातारी विरघळली असणार. शेवटी म्हणाली, “बरा. तुना जेवरा येतंय तेवरा म्हन. मंग मी हाय.”

पहिल्या लग्नाला मी होते. मॅडमच्या वर्गातल्याच एका मुलाच्या बहिणीचं लग्न, म्हणून आम्हा सगळ्यांना हळदीचं आमंत्रण होतं. चांगुणाबाईंना मी प्रथमच पाहत होते. लहानखुऱ्या, नऊवारी, कानात जड सोनं. दोघी शेजारी बसल्या. सुरुवात करायच्या आधी मॅडमनी काय करावं? मांडवाच्या लोखंडी खांबाला हात लावला. वर्गातली सगळी मुलं फिस्सकन हसली.

हळदीपर्यंतची गाणी दोघींनी मिळून म्हटली. दोन आवाज, एक खडबडीत जुना, एक आमच्या भिंतीने सोसलेला. म्हातारी आपली चाल सोडून हळू गात होती, लेकीला सांभाळून. मध्ये पान खायला थांबल्या तेव्हा मॅडम माझ्याकडे वाकून म्हणाल्या, “बघितलंस? दोन रॅम वेगळ्या स्पीडच्या असल्या की दोघी हळूवालीच्या चालीनं चालतात.” त्याही वेळी त्यांना शिकवायचं सुचत होतं.

मग आवतण आलं. मॅडम हात जोडून गप्प झाल्या. चांगुणाबाई एकट्या गायला लागल्या. डीजेवाल्याचा हात बटणावर होता, मी पाहत होते. पण आधीची सगळी गाणी दोघींनी वाटून घेतल्यामुळे म्हातारीच्या छातीत अजून दम शिल्लक होता. वेशीचे झाले, डोंगरावरचे झाले, एकेक मिठागर नाव घेऊन बोलावलं गेलं, ज्यांच्या जागी आता सोसायट्यांचे वॉचमन बसतात तीसुद्धा. शेवटचा देव येईपर्यंत गाणं तुटलं नाही. म्हातारीने पदराने तोंड पुसलं आणि लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला. मॅडम रडत होत्या आणि हसत होत्या. माझंही तेच चाललं होतं.

त्यानंतर मॅडम आवतण शिकायला लागल्या. स्कूटीवरून येता-जाता, हेल्मेटच्या आतून, मोठ्याने. सिग्नलला रिक्षावाले वळून बघायचे. संस्थेत आल्या की भिंतीवर टकटक करून मला बातमी द्यायच्या, “टायपिंग, आज थोडी रॅम वाढली गो!” म्हणजे आणखी चार-पाच देव पाठ झाले. विसरल्या की तेही सांगायच्या. रेघ वर सरकत चालली होती. गावोगावची आमंत्रणं यायला लागली. मायलेकी मिळून धवला म्हणतात हे ऐकून उरणपर्यंतच्या गावांतून माणसं यायची. मॅडम कार्डावर ‘हार्डवेअर इन्स्ट्रक्टर’च्या खाली ‘धवलारीण’ छापून घेणार होत्या. “का नको? दोन्ही माझीच कामं हायत,” म्हणाल्या. आणि खरंच छापून घेतलं.

पुढे संस्था बंद झाली. सगळं मोबाइलवरच व्हायला लागलं, लोकांनी कॉम्प्युटर शिकायचं सोडलं. मी खांदा कॉलनीत एका शाळेच्या ऑफिसात लागले. मॅडमनी घरीच दुरुस्तीचं दुकान टाकलं. फोन व्हायचे. अशाच एका फोनवर त्यांनी सांगितलं की आय विसरायला लागली आहे. आधी भाजीत मीठ, मग शेजारणींची नावं. मग एका लग्नात आवतणाच्या मध्येच गप्प झाली आणि मॅडमना पुढची ओळ उचलावी लागली. “आता रेघ उलटी झाली गो,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या भाच्याच्या लग्नाला मी गेले ती शेवटची. घरातली माणसं म्हणत होती, म्हातारीला कशाला त्रास, ती आत आराम करू दे, कुंदाला एकटीला सगळं येतं. मॅडम ऐकेनात. “ती जोडीला बसणार,” असं त्यांनी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्यांनी आईला हाताला धरून आणलं, बसवलं, पदर नीट केला. मांडवाच्या खांबाला हात लावला. मग आईचाही हात घेऊन खांबाला लावला. म्हातारी भांबावून माणसांकडे बघत होती. मॅडम तिच्या कानाशी वाकल्या. मी जवळच होते म्हणून मला ऐकू आलं.

“आये, तुना जेवरा येतंय तेवरा म्हन. मंग मी हाय.”

पहिलं गाणं दोघींनी म्हटलं. मॅडमचा तो दणदणीत आवाज किती हळू चालत होता, आईला सांभाळून. दुसऱ्या गाण्याला म्हातारी थांबली आणि मॅडम एकट्या पुढे गेल्या. म्हातारी नुसतीच मांडीवर हाताने ताल धरून राहिली. डीजेवाला खुर्चीवर हात बांधून बसला होता. एवढ्या मांडवात कोणी बोलत नव्हतं. त्या वेळी त्या बाईची मैत्रीण असल्याचा जो ताठा माझ्या अंगात आला तो अजून गेलेला नाही.

मला निघावं लागलं, उरणहून येणारी एसटी गाठायची होती. आवतण नुकतंच सुरू झालं होतं. मॅडमनी गाता गाताच मला हात केला. मी खाडीच्या बाजूने रस्त्याकडे चालत होते आणि मागून लाउडस्पीकरवर मॅडमचा आवाज येत होता, एकटा, एकेका मिठागराचं नाव घेत. वळणाशी पोचले तेव्हा कुठल्याशा एका नावावर तो दुहेरी झाला. मी थांबले. पुढच्या नावालाही दोन आवाज होते.